नकाशा चावडीवर लावा

दर पावसाळ्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक चित्र फिरतं. डावीकडे हिरवागार डोंगर आणि त्याच्या कुशीत दहा-वीस घरांचे ठिपके. उजवीकडे तोच डोंगर, पण मधोमध तांबडा ओरखडा, आणि ठिपके गायब. वर लिहिलेलं असतं 'आधी' आणि 'नंतर'. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. आणि मग हमखास कुणीतरी (बहुतेक वेळा आमचे मामाच!) विचारतात, "काय रे, चंद्रावर यान उतरवतो आपण, एवढे उपग्रह फिरतायत डोक्यावर, मग हे आधी कसं कळत नाही?"

मी काही वर्षं पोटापाण्यासाठी नकाशांचं काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याच अंगावर येतो. दर वेळी मी "अहो मामा, ते तितकं सोपं नसतं" असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेतो. या वेळी म्हटलं, नीट उत्तर लिहूनच टाकावं. थोडं लांबेल, आणि थोडं कडूही लागेल. पण वाचा.

तर मामा, उत्तर असं आहे की बरंचसं आधी कळतं. फक्त ज्याच्या घरावर डोंगर येणार असतो, त्याला ते कळत नाही.

३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव ढिगाऱ्याखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. ही बातमी जगाला कुणी दिली? एका एसटीच्या चालकानं! नेहमीच्या फेरीला गेला, तर गाव जागेवर दिसेना. आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह १९८८ च्या मार्चमध्ये वर गेला होता. म्हणजे माळीणपर्यंत या कामाची आपल्याला सव्वीस वर्षं झाली होती. इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ पाच वर्षं चालू होतं. ढगांतून आरपार पाहणारा रिसॅट-१ हा रडार उपग्रहसुद्धा २०१२ मध्येच वर गेलेला. आणि गाव नाहीसं झाल्याची बातमी आणली एसटीनं.

यात त्या चालकाचं कौतुक आहेच. आणि शास्त्रज्ञांची चूक मला दिसत नाही, हेही आधीच सांगतो. नाहीतर "सगळे सरकारी लोक झोपा काढतात" अशा प्रतिक्रिया येतील आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

आता वरून नेमकं काय दिसतं ते पाहू. उपग्रहाच्या जोडचित्रांवरून डोंगराची उंची काढता येते, उंचीवरून उतार काढता येतो. ओढे कुठून वाहतात, जंगल कुठे तुटलं, उतारावर नवं सपाटीकरण कुठे झालं, रस्त्यासाठी डोंगराचा पाय कुठे कापला, हे दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या दरडींचे व्रण दिसतात. डोंगर जिथे एकदा घसरला, तिथे पुन्हा घसरण्याची शक्यता जास्त असते. हे सगळं एकावर एक ठेवलं की कुठली जागा धोक्याची हे बऱ्यापैकी सांगता येतं. कधी घसरेल, ते मात्र यावरून सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवरचा पाऊस मोजावा लागतो.

पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगांची गोधडी असते, त्यामुळे साधा कॅमेरा असलेला उपग्रह ऐन वेळी आंधळा असतो. रडारला ढग आडवे येत नाहीत. पण आखूड लहरींचं रडार दाट झाडीत अडकतं, खालची जमीन सरकली की नाही हे त्याला नीट कळत नाही. म्हणून ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह सुटला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. त्यात नासाचं लांब लहरींचं रडार आहे, जे झाडीतून बरंच खाली पोचतं, आणि जोडीला इस्रोचं दुसरं. बारा-बारा दिवसांनी तोच डोंगर त्याच कोनातून पाहून जमीन सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकली तरी सांगायची, हे त्याचं काम. तारीख पाहिलीत का? ३० जुलै. माळीणचीही तीच, आणि माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमलाची तीच. योगायोगच. पण हा योगायोग इस्रोच्या कचेरीत नाही, तर मेप्पाडीच्या शाळेत कुणी वाचून दाखवायला हवा, असं मला वाटत राहतं.

कारण वायनाडची गोष्ट ऐका. दुर्घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रानं चित्रं प्रसिद्ध केली. सुमारे ८६,००० चौरस मीटर डोंगर घसरला, चिखल-दगड आठ किलोमीटरच्या आसपास वाहत गेले, असं त्यात होतं. आणि त्यातच एक ओळ होती : त्याच ठिकाणी आधी घसरलेल्या दरडीची नोंद केंद्राकडे आहे. या केंद्रानं २०२३ च्या सुरुवातीला अख्ख्या देशाच्या दरडींचा एक नकाशासंग्रह काढला होता. सुमारे ८०,००० दरडींच्या नोंदी, १४७ जिल्ह्यांचा क्रम. अतिशय मेहनतीचं काम आहे, डाउनलोड करून पाहण्यासारखं आहे. पण ते हैदराबादहून निघून दिल्लीला, तिथून राज्याच्या राजधानीला, तिथून जिल्ह्याला जातं आणि मग कपाटात बसतं. डोंगराखाली राहणारा माणूस त्या वाटेवर कुठेच येत नाही.

संग्रह निघाला त्याच वर्षी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं वर जाईनात. दुसऱ्याच दिवशी सरकारकडून सांगण्यात आलं की ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती.

हे वाक्य मी तेव्हा तीन-चारदा ऐकलं. सांगणाऱ्यांच्या लेखी तो खुलासा होता. मला तो कबुलीजबाब वाटला.

यादीत का नव्हती? माझ्या अनुभवातून सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून देशातल्या चार लाखांहून जास्त चौरस किलोमीटर डोंगराळ भागाचा दरडप्रवणतेचा नकाशा केला. प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शंभर मीटर रुंदीची वाडी त्यावर किती मोठी दिसेल? दोन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढी! हा नकाशा चुकीचा नाही. कुठल्या डोंगराकडे आधी पळायचं हे ठरवायला तो उत्तम आहे. पण त्यानंतरचं काम म्हणजे त्या डोंगरावर चढून, वाडीचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा करून, कुठलं घर कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी आहे ते पाहणं. तिथे आपला दम संपतो. शिवाय आपल्या याद्या होतात महसुली गावांच्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर माणसं गावात राहत नाहीत हो, वाड्यांत राहतात. एका गावाच्या नावाखाली सहा वाड्या सहा डोंगरांवर. गाव सुरक्षित आणि वाडी धोक्यात, असं सर्रास असतं.

यावर एक आवडता युक्तिवाद असतो : "आपल्याकडे अजून तेवढं तंत्रज्ञान नाही." मला याचा मनस्वी राग आहे. ओडिशाकडे बघा. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात सरकारी आकड्यानुसारच दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तेव्हाही इन्सॅट होता, वादळ येतंय हे माहीत होतं. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले, २०१९ मध्ये फनीच्या वेळी बारा लाख. दोन्ही वेळा बळींचा आकडा दोन अंकी राहिला. अंदाज सुधारले, रडारं आली, हे मान्यच. पण मधल्या वर्षांत त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, कुठल्या पाड्यातल्या कुणी कुठल्या निवाऱ्यात जायचं हे ठरवलं, गावातल्याच पोरांना शिकवलं, दरवर्षी तालीम घेतली. उपग्रहाचं चित्र शेवटच्या झोपडीपर्यंत पोचायची वाट त्यांनी हातानं बांधली.

"वादळ चार दिवस आधी दिसतं, दरड कुठे दिसते?" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण उलटही पाहा ना. वादळाची वेळ कळते, पण ते नेमकं कुठे धडकेल हे शेवटपर्यंत बदलत असतं. दरडीची वेळ कळत नाही, पण जागा वर्षानुवर्षं आधी कळू शकते. चार दिवसांच्या मुदतीत बारा लाख माणसं हलतात आणि दहा वर्षांच्या मुदतीत चाळीस घरं हलत नाहीत, याला तंत्रज्ञानाचा अभाव म्हणायचं का?

दुसरा युक्तिवाद : "लोकच हलायला तयार नसतात." असतील नसतील. पण त्यांना विचारतं कोण, आणि कसं? शेत वर, गुरं वर, जंगल वर, आणि घर मात्र खाली दहा किलोमीटरवर पत्र्याच्या खोलीत, असं सांगितलं तर तुम्ही-आम्ही तरी हलू का? माळीणकरांना नवं गाव बांधून दिलं, तर २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथे रस्ते खचले, भिंतींना भेगा पडल्या. ही उदाहरणं लोकांच्या लक्षात राहतात. आणि कायमचं हलायचं सोडा, पावसाच्या चार रात्री शाळेत झोपायला जा, एवढं सांगायलाही कुठली चार रात्री ते सांगावं लागतं. आज त्यांना मोबाइलवर काय येतं? 'जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा.' रायगडात हा इशारा पावसाळ्यात कितीदा येतो! अख्खा जिल्हा लाल दाखवला की कुणालाच लाल दाखवलं नाही असं होतं. महावेध प्रकल्पात हवामान केंद्रं उभारली ती महसूल मंडळाला एक या हिशेबानं. घाटात एका डोंगराच्या दोन बाजूंना पाऊस वेगळा. मंडळाच्या पर्जन्यमापकाला वाडीवरचा पाऊस कसा कळावा?

तिसरा युक्तिवाद कुणी उघड करत नाही, पण खरा तोच आहे. नकाशा जाहीर केला तर जमिनीचे भाव पडतील.

इथे मला डोंगर सोडून नदीवर यावं लागतं, आणि परक्यांकडून घरच्यांकडे. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेलच मी कुणाबद्दल लिहितोय. नाव घेत नाही.

आमच्या एका दादानं कोल्हापूरकडे प्लॉट बघितलाय. २०१९ च्या पुरात तिथे पाणी होतं, २०२१ लाही होतं. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. मी जलसंपदा खात्याच्या पूररेषा काढून दाखवल्या. प्लॉट निळ्या रेषेच्या आत! सोबत आलेला मध्यस्थ हसला आणि म्हणाला, "साहेब, ती रेषा कागदावर असते." दादा म्हणाला, "अरे, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दोनदा येऊन गेला. आता आपल्या नातवंडांपर्यंत काळजी नाही."

आता हे गणित एकदा करूच. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. याचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं रजा, असा नाही. अर्थ असा, की दर वर्षी शंभरात चार शक्यता आहे, मागच्या वर्षी आला असला तरी. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात शिरण्याची शक्यता निघते सुमारे ५६ टक्के. निम्म्याहून जास्त. लाल रेषेवरसुद्धा १८ टक्के. आणि हा हिशेब जुन्या पावसावरचा आहे. २००५, २०१९, २०२१ अशी तीन मोठ्या पुरांची वर्षं सतरा वर्षांत पाहिल्यावर तो हिशेबही जरा भाबडाच वाटतो.

एवढं समजावून झाल्यावर दादा म्हणाला, "मग ही रेषा सातबाऱ्यावर का नाही?"

मी गप्प. कारण हा या सगळ्या लेखातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि तो मी नाही, त्यानं विचारला. बँकेचं कर्ज असलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो. विकत घेणाऱ्याला ते दिसतं. मग नदीचा बोजा का चढू नये? डोंगराचा का नको? भाव पडतील म्हणता? मग आजचा भाव लपवाछपवीवर उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती लपवाछपवी शेवटी कुणाच्या अंगावर येते? पहिल्यांदा विकून मोकळा झालेल्याच्या नक्कीच नाही.

नकाशे लपवायची आपली सवय जुनी आहे. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला, उपग्रहांच्या माहितीवरून घाटाचे चौकोन पाडून कुठे किती जपायचं ते दाखवलं, आणि हे गावागावांत, लोकांच्या भाषेत चर्चेला ठेवा असं सांगितलं. अहवाल महिनोन्महिने दाबून ठेवला गेला, २०१२ मध्ये तो बाहेर यायला कोर्टापर्यंत जावं लागलं. नंतर कस्तुरीरंगन समिती आली, नवा नकाशा आला, २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी! या सगळ्या काळात गावात मात्र नकाशाऐवजी अफवा पोचली : "घर बांधायला बंदी येणार." मग लोकांनी विरोध केला यात नवल काय?

नुसता त्रागा करून थांबणं बरं नाही, म्हणून मला काय हवंय ते सरळ लिहितो. चार गोष्टी.

एक, नकाशा वाडीचा हवा, घरं दिसतील एवढा मोठा, मराठीत. 'संवेदनशीलता श्रेणी' वगैरे शब्द नकोत. या ओढ्याच्या तोंडाशी ही सहा घरं, जायचं या शाळेत, वाट ही, एवढंच. आणि तो चावडीवर, शाळेच्या भिंतीवर रंगवा. संकेतस्थळावर ठेवून 'उपलब्ध आहे' म्हणू नका.

दोन, प्रत्येक धोक्याच्या वाडीत एक साधा पर्जन्यमापक. वाचायला शाळेतली मुलं पुरतात. दोन-तीन दिवसांची बेरीज एवढी झाली की निघायचं, हा आकडा त्या डोंगरापुरता आधी ठरवून ठेवायचा. मध्यरात्री तहसीलदारांच्या फोनची वाट बघायची नाही.

तीन, पूररेषा आणि दरडीचा पट्टा सातबाऱ्यावर नि मिळकत पत्रिकेवर. (श्रेय : दादा.)

चार, दुर्घटनेनंतर मंत्र्यांना दाखवायच्या 'आधी-नंतर' चित्रांमधलं 'आधी'चं चित्र त्याच गावाला मे महिन्यात दाखवायचं.

यात नवा उपग्रह कुठेच नाही, हे लक्षात आलं असेलच. आणि आपल्या ब्लॉगवाल्या मंडळींसाठी पाचवी गोष्ट. २०१० मध्ये हैतीला भूकंप झाला तेव्हा राजधानीचा नीट नकाशाच नव्हता. जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून, उपग्रहचित्रं बघून ओपनस्ट्रीटमॅपवर गल्ल्या नि घरं भरली, आणि बचावपथकांनी तोच नकाशा वापरला. २०१५ ला नेपाळमध्ये पुन्हा तेच. आपण ट्रेकला जातो, गडांचे फोटो टाकतो, पायथ्याच्या वाडीत पिठलं-भाकरी खातो. त्या वाडीचं नाव, पायवाट, शाळा, विहीर नकाशावर चढवायला एक संध्याकाळ लागते. इर्शाळगडावर आपल्यातले किती जण जाऊन आलेत! मीही गेलोय. वाटेत त्या वाडीत पाणी प्यायलो होतो. वाडीच्या मागचा कडा किती सुंदर दिसतो, असं तेव्हा वहीत लिहिलं होतं. मी, नकाशांचं काम करणारा माणूस. उतार बघायचं मला सुचलं नाही.

म्हणून मामा, "आधी कसं कळत नाही" या प्रश्नाचं उत्तर देताना मी पुटपुटतो.

असो. बरंच लांबलं. दादा, हे वाचत असशील तर टोकन द्यायच्या आधी एक फोन कर. भांडायला नाही. पूररेषेच्या बाहेरचे दोन प्लॉट मी बघून ठेवलेत. थोडे महाग आहेत, नदीही दिसत नाही तिथून. पण तेच तर हवंय ना?